रायगडाच्या पायथ्याची दहा वर्षं : 1680 ते 1689

रायगड कसा पडला, असं महाडच्या बाजारात कोणालाही विचारा, उत्तर एका शब्दात मिळतं : फितुरी. नाव विचारलं तर सूर्याजी पिसाळ. संभाजी महाराज संगमेश्वरला कसे सापडले? गणोजी शिर्के. 1680 मध्ये गडावर भांडण कोणी लावलं? सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो. दहा वर्षांचा इतिहास चार नावांत आटोपतो. मी याच खोऱ्यात वाढलो. ही चार नावं मीही शाळेत जायच्या आधीपासून ऐकली. पण या दशकावरचं हाताला लागेल ते वाचत गेलो तसं वाटू लागलं की या सोप्या उत्तरापायी आपण फार माणसं विसरलो आहोत. जी लढली, जी मेली, ज्यांनी ऐन कसोटीला डोकं थंड ठेवून निर्णय घेतले, ती सगळी त्या चार नावांच्या मागे झाकली गेली.

या दशकाला दोन्ही बाजूंनी नेमक्या कडा आहेत. 3 एप्रिल 1680 ला शिवाजी महाराज रायगडावर गेले. 3 नोव्हेंबर 1689 ला गड मोगलांच्या हाती लागला. मधल्या साडेनऊ वर्षांत या एका डोंगरावर तीन छत्रपती झाले. शेवटचं मंचकारोहण फेब्रुवारी 1689 मधलं, राजाराम महाराजांचं. त्यानंतर रायगडाने कोणाला सिंहासनावर बसताना पाहिलं नाही.

तारखांबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. पुस्तकांत आपण वाचतो त्या या काळच्या इंग्रजी तारखा बहुतेक जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाच्या आहेत. आजच्या कॅलेंडरने मोजलं तर त्या दहा दिवस पुढे सरकतात. तिथी मात्र फसवत नाही. शिवाजी महाराज गेले ती चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती. संभाजी महाराजांना मारलं ती फाल्गुनातली अमावास्या, पाडव्याच्या आदला दिवस. इकडचा शेतकरी अजूनही पाऊस तिथी-नक्षत्रांवर मोजतो. त्याला हे दशक कळायला जास्त सोपं जावं.

आता हे आपल्याला कळतं कशावरून? सर्वांत कोरडं आणि म्हणून सर्वांत मोलाचं साधन म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे घराण्याकडे ती मिळाली आणि लोकमान्य टिळकांनी ती छापून पुढे आणली. तिच्यात शक, महिना, तिथी आणि एक-दोन वाक्यं, एवढंच. रडणं नाही, शिव्याशाप नाहीत. सभासदाची बखर जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली गेली, म्हणजे घटनांपासून फार लांब नाही, पण थोरल्या महाराजांच्या निधनाशी ती थांबते. मोगलांच्या बाजूने साकी मुस्तैदखानाची मासिरे आलमगिरी, भीमसेन सक्सेना, खाफीखान आहेत. मुंबई-सुरतेच्या इंग्रजांची पत्रं आहेत. त्यांत बातमी आणि अफवा शेजारी शेजारी बसतात, म्हणून ती जपून वाचावी लागतात.

आणि मग येते मल्हार रामराव चिटणीसांची बखर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. लेखक ज्या घराण्यातला, त्याच घराण्याचा मूळपुरुष बाळाजी आवजी चिटणीस याला 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या हुकमाने मरण आलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलेलं दुःख या बखरीत उतरलं यात नवल नाही. पण तिच्यावरच पुढची नाटकं-कादंबऱ्या उभ्या राहिल्या आणि व्यसनी, उतावळा राजपुत्र हीच प्रतिमा लोकांच्या मनात घट्ट झाली. गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ने तिला भाषेचं तेज दिलं. ती मोडायला वा. सी. बेंद्रे यांनी चाळीसएक वर्षं कागद गोळा केले आणि 1960 मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. आज गावोगावी संभाजी महाराजांचे पुतळे दिसतात त्यामागे या दोन अभ्यासकांचं टेबलाशी बसून केलेलं काम आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

या साधनांचा आमच्या बाजूचा एक धागा पोलादपूरला आहे. शिवभारत लिहिणारा कवींद्र परमानंद याची समाधी पोलादपूर गावात आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाणारे हजारो लोक तिच्या जवळून जातात. मूळचा नेवाशाचा हा माणूस सावित्रीच्या काठी विसावला आणि त्याच्या वंशजांनी त्याचं काव्य पुढे चालवलं. शिवकाळाचा संस्कृत कवी आपल्या तालुक्याच्या गावात आहे, हे इथल्या प्रत्येक शाळेतल्या मुलाला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पहिली दोन वर्षं मृत्यूंचीच आहेत. मार्च 1680 मध्ये गडावर दहा वर्षांच्या राजारामांची मुंज झाली, पाठोपाठ प्रतापराव गुजरांच्या मुलीशी लग्न. मांडव उतरून तीन आठवडेही झाले नसतील तोच महाराज तापाने गेले. वय पन्नास. थोरला मुलगा संभाजी पन्हाळ्यावर. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे यांनी राजारामांना पुढे करून कारभार हाती घ्यायचा बेत केला. तो उधळला तो हंबीरराव मोहित्यांनी. सरनौबत हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ. बहिणीचा मुलगा गादीवर बसत असताना त्यांनी थोरल्या मुलाचा हक्क मानला. या दशकात वतनासाठी आणि नात्यासाठी फिरलेल्या माणसांची यादी आपण तोंडपाठ म्हणतो. नातं बाजूला ठेवून उभ्या राहिलेल्या या माणसाचं नाव त्या यादीच्या आधी घ्यायला हवं.

जूनमध्ये संभाजी महाराज रायगडावर आले. त्याच महिन्यात थोरल्या महाराजांच्या पत्नी पुतळाबाई सती गेल्या. ऑक्टोबरात मोरोपंत वारले. जानेवारी 1681 मध्ये राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हंबीररावांनी बुऱ्हाणपुरावर धाड घातली. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर त्या वर्षी आश्रयाला आला. त्याला पालीजवळ, सुधागडाच्या छायेत ठेवलं होतं. असंतुष्ट कारभाऱ्यांनी त्यालाच पत्र लिहून संभाजी महाराजांविरुद्ध मदत मागितली आणि अकबराने ते पत्र महाराजांकडे पोचवलं. मग अण्णाजी दत्तो, त्यांचा भाऊ सोमाजी, बाळाजी आवजी, त्यांचा मुलगा, हिरोजी फर्जंद यांना देहान्त शासन झालं.

हिरोजी फर्जंद म्हणजे आग्र्याला महाराजांच्या पलंगावर त्यांच्या जागी झोपून राहिलेला तो. बाळाजी आवजीने लिहिलेली महाराजांची पत्रं आपण आजही वाचतो. अण्णाजींनी जमिनीची मोजणी आणि सारा बसवला. या माणसांनी कट केला हे खरं, आणि त्याच माणसांनी राज्य उभं केलं हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवल्याशिवाय 1681 कळत नाही.

ऑक्टोबर 1681 मध्ये सोयराबाई गेल्या. त्यांना भिंतीत चिणून मारल्याची कथा नंतरच्या बखरीतली आहे. याउलट 1680 सालच्या बाकरे दानपत्रात संभाजी महाराज सावत्र आईचं मन निर्मळ असल्याचं सांगतात, दोष देतात तो तिला भरीस घालणाऱ्या प्रधानांना. मला हे दानपत्र कोणत्याही बखरीपेक्षा जास्त बोलकं वाटतं. तेवीस वर्षांचा, नुकताच बाप गमावलेला मुलगा घरातल्या भांडणाबद्दल काय धरून होता, ते त्याच्याच शब्दांत त्यात आलं आहे.

याच सुमाराला युद्ध थेट महाडच्या दारात आलं. आपल्याकडे हा भाग फारसा कोणी सांगत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीला घातलेल्या वेढ्यात महाडचे दादाजी रघुनाथ प्रभू देशपांडे पुढे होते. कोंडाजी फर्जंद, ज्यांनी 1673 मध्ये साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला होता, ते फितूर झाल्याचं सोंग करून जंजिऱ्यात शिरले. आतला दारूगोळा उडवायचा बेत होता. तो फुटला आणि सिद्दीने त्यांना मारलं. संभाजी महाराज स्वतः राजपुरीला आले, तोफा लावल्या, किनाऱ्यावरून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगडांचा बांध घालायला घेतला. तेवढ्यात उत्तरेकडून हसनअलीखान कल्याणवर उतरला आणि महाराजांना माघारी फिरावं लागलं. दादाजींनी मोर्चा पुढे चालवला. सिद्दीच्या लोकांनी त्याचा सूड महाडपर्यंत धाड घालून घेतला आणि दादाजी देशपांड्यांच्या पत्नीला पळवून नेलं.

सावित्रीच्या खाडीत भरतीबरोबर दासगावपर्यंत गलबतं येत. समुद्रावर ज्याचं राज्य त्याला महाड फार लांब नव्हतं. राजधानी वर कड्यावर सुरक्षित होती. खालच्या घरांना कडा नव्हता. हे दशक गडावरून पाहिलं तर राजकारण दिसतं. बाजारपेठेतून पाहिलं तर घरातून उचलून नेलेली देशपांड्यांच्या घरची बाई दिसते. तिचं पुढे काय झालं याचा विचार मला दासगावच्या पुलावरून जाताना अनेकदा शिवून जातो.

मे 1682 मध्ये माणगावाजवळच्या गांगवलीत संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंच्या पोटी शाहू महाराजांचा जन्म झाला. थोरल्या महाराजांचा हा नातू जन्मला तो गडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात. अडीच-तीन वर्षांनी, 1685 च्या आरंभी, शहाबुद्दीनखान बोरघाट उतरून याच बाजूला गांगोलीपर्यंत धडकला. त्याला संभाजी महाराजांच्या विश्वासातल्या कवी कलशाने लढून परत घाटावर घालवलं. हा तोच कवी कलश, ज्याला बखरींनी निव्वळ मांत्रिक आणि कारस्थानी ठरवलं. शकावलीच्या नोंदीत तो खानाशी झुंजताना दिसतो.

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण त्यांचं रणांगण आपल्या खोऱ्याबाहेर होतं. 1683 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांशी युद्ध, रामसेजसारख्या लहानशा किल्ल्याने वर्षानुवर्षं दिलेली झुंज, शाहजादा मुअज्जमची कोकणात झालेली उपासमार. यातून एक दिसतं, की 1681 पासून 1685 पर्यंत औरंगजेबाला मराठ्यांविरुद्ध मोठं यश मिळालं नव्हतं. मग त्याने मोहरा फिरवला. सप्टेंबर 1686 मध्ये विजापूर पडलं, सप्टेंबर 1687 मध्ये गोवळकोंडा. दक्षिणेतली दोन जुनी राज्यं वर्षभरात संपली आणि त्यांना वेढून बसलेल्या फौजा, तोफखाना, खजिना मोकळा झाला. रायगडाचा शेवट इथे सुरू होतो असं माझं मत आहे. पिसाळाचं किंवा शिर्क्यांचं नाव घेण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

त्यात डिसेंबर 1687 मध्ये वाईजवळ सर्जाखानाशी लढताना हंबीरराव पडले. लढाई मराठ्यांनी जिंकली म्हणतात, पण हंबीररावांच्या जागी उभा करायला दुसरा माणूस नव्हता. 1674 च्या राज्याभिषेकाला ज्यांनी महाराजांभोवती उभं राहून मान घेतला, त्यांतले पेशवे, सचिव आणि सेनापती आता तिघेही हयात नव्हते. एक महाराज गेल्यानंतरच्या कलहाच्या दिवसांत, एक हत्तीच्या पायी, एक रणात. इतर कोणत्याही कारणापेक्षा ही झीज मला जास्त मोठी वाटते. एका पिढीने उभारलेलं राज्य दहा वर्षांच्या आत त्या पिढीविना चालवायची वेळ आली.

1688 च्या अखेरीस शिर्क्यांशी भांडण पेटलं आणि कवी कलश खेळण्याला, म्हणजे विशाळगडाला गेला. त्याच्या मदतीला संभाजी महाराज रायगडाहून निघाले, भांडण मिटवून संगमेश्वरला थांबले. मासिरे आलमगिरी सांगते की कोल्हापूरकडे असलेल्या मुकर्रबखानाला ही खबर हेरांनी दिली आणि तो निवडक स्वारांनिशी 45 कोसांची घाटातली दौड करून आला. हेरांना कोणी सांगितलं हा प्रश्न उरतोच, आणि शिर्क्यांचं वैर खरं होतं. पण खानाचं धाडस आणि आपला निष्काळजीपणा यांचा वाटा नाकारून चालणार नाही. 1 फेब्रुवारी 1689 ला महाराज आणि कवी कलश पकडले गेले. संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे तिथे लढताना पडले. 11 मार्चला भीमेच्या काठी दोघांना हालहाल करून मारलं. महाराज तेव्हा बत्तीस वर्षांचेही झाले नव्हते.

महाराज पकडले गेल्याची बातमी रायगडावर पोचली तेव्हा निर्णय होता येसूबाईंच्या हाती. शृंगारपूरच्या शिर्क्यांची ही लेक. नवऱ्याने तिला ‘श्री सखी राज्ञी जयति’ असा शिक्का दिलेला. सातव्या वर्षातला मुलगा मांडीवर. गादी त्याची, हक्क त्याचा. येसूबाईंनी एकोणीस वर्षांच्या दिराला मंचकावर बसवलं, कारण लढायला मोठा माणूस हवा होता. ज्या शिर्क्यांच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याच घरातल्या बाईने राज्य वाचवलं. हे दोन्ही एका दमात सांगितलं जात नाही, याची मला खंत आहे.

मार्चच्या अखेरीस वजीर असदखानाचा मुलगा इतिकादखान वेढा घालून बसला. आजच्या कॅलेंडरने हा एप्रिलचा पहिला आठवडा.

या दिवसांत वेढा पडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल उजाडला की आमच्याकडे आगोटीची घाई सुरू होते. चार महिन्यांचं तांदूळ, मीठ, मिरची, डाळ, सुकट-बोंबील घरात भरायचं. लाकडं फोडून पडवीत रचायची. पूर्वी पेंढ्याने, गवताने घरं शाकारायची. मृगाआधी हे झालं नाही तर त्या घराला पावसाळा कठीण. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लहानपणी आषाढात एकदा चित दरवाजाच्या वाटेने मी गडावर गेलो होतो. दोन हातांवरचं माणूस दिसत नव्हतं, पायऱ्यांवरून ओढ्यासारखं पाणी येत होतं आणि खिशातला काड्यापेटीचा खोका लगदा झाला होता. अशा पावसात बंदुकीची दारू कोरडी ठेवायची, धान्याला बुरशी लागू द्यायची नाही, भिजलेल्या पहारेकऱ्याला ऊब द्यायची, तर लाकूड आणि पेंढा आधी वर चढलेला हवा.

वेढा पडला तो नेमका आगोट भरायच्या तोंडावर. गडावर अंबारखाना होता, गंगासागर तलाव होता, पाण्याची चिंता नव्हती. पण राजधानीची वस्ती मोठी, आणि पायथ्याचं खोरं शत्रूच्या हाती. पाचाडच्या पेठेतून वर जाणारी ओझी थांबली असणार. सिद्दी मोगलांच्या बाजूला असल्यामुळे समुद्राची वाटही बंद. त्याच वर्षी सिद्दी याकूतखानाने मुंबईवर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं होतं, म्हणजे त्या किनाऱ्यावर तेव्हा त्याचं किती चालत होतं ते समजावं. या अवस्थेत गडाने अख्खा पावसाळा काढला. मार्च ते नोव्हेंबर, सात महिन्यांहून जास्त. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पुढे गडांच्या तरतुदीबद्दल जी काळजी दिसते, तिच्यामागे या वर्षाची आठवण असावी असं मला राहून राहून वाटतं.

वेढा आवळायच्या आत, 5 एप्रिलला, राजाराम महाराज निसटले. परंपरा वाघ दरवाजाचं नाव घेते. ती वाट आजही पाहिली की पोटात गोळा येतो, खाली सरळ कडा आहे. ते प्रतापगडाला पोचले. रायगडाहून प्रतापगडाला जायचं तर मध्ये आमचं पोलादपूरचं डोंगरी खोरं येतं. इथेच उमरठ, तानाजी मालुसऱ्यांची समाधी असलेलं. इथेच कांगोरीचा डोंगर आणि पारघाटाकडे चढणाऱ्या वाटा. कोणत्या वाडीत नव्या छत्रपतींनी पाणी मागितलं, कोणी रात्री मशालीविना वाट दाखवली, हे कोणत्याही शकावलीत नाही. पण इथल्या माणसांच्या मदतीविना हा प्रवास झाला असेल हे मला पटत नाही. शत्रूला बातमी देणाऱ्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या टिकली. बातमी न देणाऱ्यांची नावं टिकायचा प्रश्नच नव्हता. पुढे प्रतापगड, पन्हाळा करत राजाराम महाराज जिंजीला पोचले आणि राज्याचं केंद्र तिथे हललं. रामचंद्रपंतांसारखे, प्रल्हाद निराजींसारखे उरलेले कारभारी, संताजी-धनाजी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी पुढची अठरा वर्षं औरंगजेबाला दख्खनेतून हलू दिलं नाही.

राहिला सूर्याजी पिसाळ. वाईच्या देशमुखीसाठी त्याने गड दिला, ही कथा. वतनाचा लोभ खोटा नव्हता, मोगल तो आमिष म्हणून वापरत हेही खरं. तरी नोव्हेंबरात गडावरचं धान्य किती उरलं असेल, राजा निघून गेल्यावर गड लढवण्यात किती अर्थ होता, हे विचारल्याशिवाय सगळा भार एका माणसावर टाकणं मला मान्य नाही. येसूबाईंनी तह करून मुलासह खाली उतरायचं ठरवलं. इतिकादखानाला जुल्फिकारखान किताब मिळाला. शाहू महाराजांना सात हजारी मनसब देऊन छावणीत ठेवलं. गडाला इस्लामगड नाव पडलं आणि तो सिद्दीच्या ताब्यात गेला.

शाहू महाराज 1707 मध्ये सुटले. येसूबाईंना 1719 पर्यंत दिल्लीत राहावं लागलं. तीस वर्षांच्या कैदेनंतर त्या आल्या त्या साताऱ्याला. नवऱ्याबरोबर जिथे संसार केला, मुलगा वाढवला, जो गड सात महिने लढवला, तिथे त्यांना परतता आलं नाही. रायगड तेव्हा सिद्दीकडेच होता. 1733 च्या उन्हाळ्यात तो मराठ्यांकडे परत आला.